वर्गावर्गातले माठ

परवा आमच्या खुलताबादच्या शाळेत एक गंमत झाली. वेरूळच्या कैलास लेण्याचं एक पान मी क्रोममध्ये उघडलं आणि तेच पुन्हा दुसऱ्या टॅबमध्ये. चौथीतल्या एका पोरानं विचारलं, "सर, फोटो तोच आहे, मग संगणक तो एकदाच ठेवत असेल ना?"

तुम्हाला काय वाटतं?

शाळेचंच उदाहरण घ्या. अंगणात पाण्याची मोठी टाकी आणि वर्गावर्गात माठ. तहान लागली की आधी माठ, तो रिकामा असला तर टाकी, टाकीही कोरडी असली तरच गावातून पाणी आणायचं. ब्राउझरचंही तसंच. साधारणपणे प्रत्येक टॅबला वेगळी 'प्रोसेस' मिळते, म्हणजे स्वतंत्र खोलीच. तिथला माठ म्हणजे मेमरीतला 'कॅश', हाताशी ठेवलेला साठा. (नोटा-नाण्यांची कॅश नव्हे बरं का!) डिस्कवरचा साठा ही सगळ्यांची टाकी. गाव म्हणजे इंटरनेट. आमचा फोटो गावातून आला एकदाच, पण भरला गेला दोन्ही माठांत!

"मग मेमरी वाया गेली की!" गेली खरी. पण २००८ मध्ये क्रोम आला तो हीच रचना घेऊन. तोवर बहुतेक ब्राउझरांत सगळी पानं एकाच खोलीत असत. एक बिघडलं की सगळ्यांचीच शाळा सुटली! आणि मेमरी फारच कमी पडली, तर क्रोम एका साइटची पानं एकत्र बसवतो. दोनशिक्षकी शाळेत आम्ही पहिली-दुसरी बसवतो ना, तसंच.

टाकीची गोष्ट आणखी न्यारी. पूर्वी एखादी लबाड साइट दुसऱ्या साइटचा फोटो मागून बघायची. तो चटकन मिळाला, म्हणजे तुम्ही तिकडे जाऊन आलात! अशी चुगली व्हायची. म्हणून २०२० पासून क्रोमनं टाकीतही कप्पे केले. एका साइटसाठी आणलेला फोटो दुसरीला मिळत नाही, तिच्यासाठी पुन्हा आणावा लागतो. डेटा थोडा जास्त लागतो, लागू दे.

घरी विंडोजचा संगणक असेल तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. कुठल्या खोलीनं किती मेमरी घेतली ते दिसेल. तिथलं 'एंड प्रोसेस' बटण मात्र दाबू नका हं. आमच्या एका पठ्ठ्यानं दाबलंच, आणि अर्धा टाइप केलेला निबंध गेला. शेजारच्या टॅबमधला कैलास जागचा हलला नाही!