माळ्यावरचा संसार

दिवाळीची झाडलोट आटोपली, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास आढळते. कधी ती सुनेची असते, कधी परगावी राहणाऱ्या मुलाची: ‘आईबाबा काही टाकूच देत नाहीत.’ दुसऱ्या बाजूचे पत्र क्वचितच येते. आले तर नीटस अक्षरात, मोजक्या ओळींत एवढेच लिहिलेले असते, की माझ्या वस्तू मला न विचारता हलवल्या जातात. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. मी स्वतः पहिल्या प्रकारच्या लेखकांत मोडत होते. त्यापायी आमच्या घरात जे घडले, ते आज सांगते.

आमची कोथरूडची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची होती. चाळीस वर्षांचा संसार तीन वर्षांसाठी भाड्याच्या लहान जागेत न्यायचा, आणि हातात जेमतेम तीन आठवडे. सासूबाई तेव्हा ८१ वर्षांच्या. माळ्यावर पितळी घंगाळ, दोन तपेली, शेवयांचा पाट, जुन्या पातळांची गाठोडी, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी जमवून बांधलेल्या वह्या, फुटक्या बरण्यांची शाबूत झाकणे. मी सपाटा लावला. आई दुपारी पडल्या, की मी गाठोडी खाली काढीत असे. एका दुपारी बोहारीण आली, गाठोडे घेऊन गेली आणि स्टीलचे तीन डबे देऊन गेली. व्यवहार चांगला झाला, असेच मला वाटले. त्या गाठोड्यात मामंजींचा कोपरांवर विरलेला तपकिरी लोकरी कोट होता. मामंजींना जाऊन अकरा वर्षे झाली होती.

संध्याकाळी आईंनी विचारले, ‘‘कोट दिलास का?’’ मी हो म्हटले. ‘‘बरं,’’ एवढेच त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला उत्तर देता आले असते.

नव्या जागेत आल्यावर त्यांनी आपल्या कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली. धुतलेले कपडेसुद्धा त्या स्वतःच आत ठेवीत. आम्ही ते हट्टीपणात जमा केले. पुढे तीनचार महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांची मधुमेहाची एक गोळी बंद करून दुसरी सुरू केली. त्यानंतर एका पहाटे आई घामाने चिंब झालेल्या आढळल्या. बोलणे असंबद्ध, हात थरथरणारे. रुग्णालयात रक्तातील साखर ४६ निघाली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या सावरल्या. घरी येऊन त्यांच्याच हाताने कपाट उघडले, तेव्हा मिठाईच्या जुन्या खोक्यात औषधांच्या सात पट्ट्या सापडल्या. बंद केलेल्या गोळीच्याही त्यांत होत्या. ‘‘पैसे मोजून आणलेल्या, वाया कशाला घालवायच्या?’’ म्हणून त्या दोन्ही गोळ्या घेत होत्या. डॉक्टरांनी सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: ‘‘घरातले कुणी त्यांचे कपाट का पाहत नव्हते?’’

कारण मला ठाऊक होते.

वाचकहो, ज्यांनी रॉकेलच्या रांगा पाहिल्या, शिधापत्रिकेवर साखर मोजून आणली, त्यांच्या लेखी सुतळीचा तुकडाही निरुपयोगी नसतो. शिवाय म्हातारपणी माणसाच्या हातून एकेक अधिकार निघून जात असतो. स्वयंपाकघर सुनेकडे जाते, बँकेचे व्यवहार मुलाकडे जातात, रस्ता ओलांडताना दंड कुणीतरी धरतो. स्वतःच्या कपाटात काय असावे, एवढे ठरवणे शेवटी उरते. तेही न विचारता काढून घेतले, की माणूस कुलूप लावतो. अडचण अशी, की कुलपाआड नुसत्या आठवणी राहत नाहीत. औषधेही राहतात, बँकेची कागदपत्रेही राहतात.

दुसऱ्या वेळी आम्ही सुरुवातच निराळी केली. वस्तू हातात घेणार आई, ठरवणार आई. मी फक्त उचलून देणार आणि लिहून घेणार. सकाळी न्याहारी व औषधे झाल्यावर पाऊण तास, एका दिवशी एकच कप्पा. त्या खुर्चीत बसत, वस्तू टेबलावर येत. वाकणे नाही, शिडी तर नाहीच. माळ्याकडे मान वर करून पाहताना वृद्धांना भोवळ येते, आणि पाटावर किंवा डुगडुगत्या स्टुलावर चढलेल्या माणसाला भोवळ आली, तर खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरते. धूळ ओल्या फडक्याने पुसावी. दमेकऱ्यांनी नाकातोंडावर रुमाल बांधावा. खरे तर ज्या दिवशी धूळ झटकायची, त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या खोलीत बसलेले उत्तम.

आणि आठवणींच्या वस्तूंना आधी हात घालू नये. फोटोंचा गठ्ठा पहिल्या दिवशी उघडला, तर तो दिवस फोटोंतच जातो आणि संध्याकाळी डोके दुखते. ज्यांच्याशी मन गुंतलेले नाही, परंतु धोका आहे, अशा गोष्टींपासून आरंभ करावा. आम्ही औषधांपासून केला. चालू औषधे एका डब्यात, डॉक्टरांचा ताजा कागद त्याच डब्यात. बंद केलेली औषधे मुदत शिल्लक असली तरी घरात ठेवू नयेत. ‘पुढे लागली तर’ म्हणून ठेवलेली गोळी बहुधा चुकीच्या वेळीच लागते. औषधविक्रेता परत घेत असेल तर त्याच्याकडे द्यावीत. नसेल तर वेष्टनातून काढून चहाच्या ओल्या चोथ्यात किंवा मातीत कालवावीत आणि पिशवी बांधून कचऱ्यात द्यावीत. मोरीत ओतू नयेत. इन्शुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवाव्यात. सफाई कामगाराचा हातही कुणाचा तरी हात आहे.

त्यानंतर जमीन. रात्री पलंगावरून उठून न्हाणीघरापर्यंत जाण्याची वाट एकदा दिवा न लावता आपण स्वतः चालून पाहावी. आमच्या त्या वाटेवर एक सरकणारे पायपुसणे, टेबलफॅनची वायर आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा, असे तीन अडथळे निघाले. ते दूर करायला दहा मिनिटे लागली.

कागदपत्रांबाबत मात्र घाई करू नका, कारण रद्दीवाल्याच्या तागडीत पैसाही जातो. जुन्या कंपन्यांची कागदी शेअर प्रमाणपत्रे पिवळी पडली म्हणून निरुपयोगी होत नाहीत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, त्यांचे डिमॅट करून घ्यावे लागते, इतकेच. सलग सात वर्षे लाभांश उचलला नसेल, तर असे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तेथूनही हक्क सांगून ते परत मिळवता येतात. बँकेतील ठेवीला दहा वर्षे कुणी हात लावला नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, परंतु ठेवीदाराचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क संपत नाही. अशा विसरलेल्या ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले आहे. आमच्या एका वहीच्या पुठ्ठ्यात मामंजींच्या मुदतठेवीची पावती निघाली. रक्कम लहान होती. आईंना झालेला आनंद रकमेच्या मानाने पुष्कळच मोठा होता.

वैद्यकीय कागदांत रुग्णालयातून घरी सोडतानाचे कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणे, हृदयात बसवलेल्या स्टेंटचे वा पेसमेकरचे ओळखपत्र, कोणते औषध सोसत नाही त्याची नोंद, हे कायम जपावे. पंधरा वर्षांपूर्वीच्या साध्या खोकल्याच्या वेळचे छातीचे चित्र डॉक्टरांना एकदा विचारून काढून टाकायला हरकत नाही.

आता मुख्य कप्प्याकडे येते. स्वीडनमधील मार्गारेटा मॅग्नुसन यांचे एक पुस्तक २०१७ मध्ये गाजले. आपल्यामागे मुलांना आवरावे लागू नये म्हणून मृत्यूपूर्वीच घर हलके करावे, असा त्याचा विषय. तेथे या कामाला सरळ ‘मृत्यूची साफसफाई’ अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडे असा शब्द उच्चारला, तर पलीकडच्या खोलीतून कुणीतरी ‘शुभ बोल’ म्हणेल. परंतु मराठीत त्यासाठी ‘निरवानिरव’ हा सुरेख शब्द पूर्वापार आहे. जाणाऱ्याने कुणाला काय सोपवायचे ते सोपवून मोकळे होणे, हा त्याचा अर्थ. टाकणे आणि सोपवणे यांत जो फरक आहे, तो ध्यानात येताच आईंचे काम सोपे झाले. ‘‘हे टाकू का?’’ या माझ्या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘‘राहू दे’’ असे येई. ‘‘हे कुणाला देऊ या?’’ असे विचारू लागले, तेव्हा त्या नावे सांगू लागल्या.

अडकित्ता मोठ्या नातवाला. तो सुपारी खात नाही, पण आजोबांच्या मांडीवर बसून सुपारी कातरलेली त्याने पाहिली होती. शेवयांचा पाट आईंच्या भाचीला. घंगाळाला त्यांनी नकार दिला, म्हणून ते राहिले. तपेल्यांपैकी एक मोडीत गेले आणि दुसऱ्याला कल्हई करून घेतली. येथे एक सूचना: जुनी तांब्यापितळेची भांडी हौसेने पुन्हा वापरात आणणार असाल, तर कल्हईविना त्यांत ताक, चिंच वा आमसुलाचे पदार्थ करू नका. आंबटामुळे तांबे अन्नात उतरते आणि मळमळ, उलट्या सुरू होतात.

तळाशी मुलांची दुपटी, झबली, कुंची निघाली, डांबराच्या गोळ्या घालून जपलेली. आईंच्या मनात ती येणाऱ्या पणतवंडासाठी होती. इच्छा गोड आहे, परंतु काळजी हवी. डांबराच्या गोळ्यांतील नॅफ्थलीनमुळे काही नवजात बालकांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होते. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मतः कमतरता असते, त्यांना हा धोका विशेष. नुसते ऊन दाखवून ते भागत नाही. अशी वस्त्रे चांगली धुवावीत, अनेक दिवस हवेशीर ठेवावीत, आणि वास अजिबात उरला नसेल तरच बाळाच्या अंगाला लावावीत. आम्ही एकच कुंची ठेवली, तीही बारशाच्या दिवशी पाळण्यावर टांगण्यासाठी. जरीची वस्त्रे मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावीत आणि वर्षातून दोनदा घडी बदलावी. एकाच घडीवर जर तुटते.

फोटोंच्या मागे नावे लिहून घेतली ती मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा वळ समोरच्या बाजूस उमटतो. एका समूहचित्रातील सतरा जणांपैकी चौदा जण आईंनी ओळखले. उरलेले तिघे आता कुणीच ओळखणार नाही. हे काम पाच वर्षांपूर्वी व्हायला हवे होते.

ज्यांच्या घरी मोडी लिपीतील कागद असतील, त्यांनी ते वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत देऊ नयेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशाच घरगुती दप्तरांवर उभे आहे. आणि रोजच्या वापरातील वस्तूंना मोल नसते असे वाटत असेल, तर राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून यावे. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी घरोघर हिंडून जमवली, अकाली गेलेल्या मुलाचे नाव संग्रहाला दिले आणि तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सर्वांच्या माळ्यावर संग्रहालय नसते, हे खरे. तरीही मोडीत घालण्यापूर्वी वस्तू एकदा उजेडात नेऊन पाहावी.

काही घरांत मात्र गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. सामानामुळे पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, काढायचे नाव निघताच माणूस कासावीस होतो, असे असेल तर तो स्वभाव नव्हे, आजार असू शकतो. मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात २०१३ पासून अतिसंचयाला स्वतंत्र स्थान मिळाले आहे आणि त्यावर उपचार होतात. आयुष्यभर टापटीप राहिलेली व्यक्ती उतारवयात अचानक कागद, पिशव्या, उष्टे अन्न साठवू लागली, तर स्मृतिभ्रंशाची शंका घेऊन डॉक्टरांना दाखवावे. अशा रुग्णाची खोली त्याच्या माघारी रिकामी करू नये. ओळखीचे घड्याळ, ओळखीची चादर, भिंतीवरचा फोटो यांच्याच आधाराने तो आपण कुठे आहोत हे ताडत असतो.

कोणती वस्तू कुणाला, ही वही आईंनी स्वतः लिहिली. दागिने आणि घर यांचे मात्र मृत्युपत्र करावे. त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. स्वाक्षरी व दोन साक्षीदार आवश्यक आहेत. नोंदणी केल्यास पुढचे वाद कमी होतात, म्हणून आम्ही ती केली.

कोटाचा शोध मी घेतला. जुन्या इमारतीच्या परिसरात त्या बोहारणीची चौकशी केली. ती त्या भागात येईनाशी झाली आहे, असे कळले. आईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘थंडीत कुणाच्या तरी अंगावर असेल. पण तू विचारायला हवं होतंस.’’ मी क्षमा मागितली. त्यांनी विषय बदलला.

कपाटाला कुलूप अजून आहे. किल्ली मात्र आता देवघराजवळच्या खिळ्यावर असते. बोहारणीने दिलेल्या तीन डब्यांना आईंनी दोन वर्षे हात लावला नव्हता. परवा त्यांनी त्यांतला एक मागून घेतला. त्यांची चालू औषधे आता त्या डब्यात आहेत. खालचे दोन कप्पे अद्याप व्हायचे आहेत. संक्रांतीनंतर बघू, असे त्या म्हणतात.