जाड तेलाची सवय

रेल्वेच्या आसांना वंगण नेमकं कसं पोचतं, हे पाहण्यासाठी बीचम टॉवर या इंग्लिश अभियंत्याने १८८३च्या सुमारास काही प्रयोग केले. तेल सोडायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. आस फिरू लागला आणि तेल आत जायचं सोडून त्या भोकातून वर आलं. टॉवरने बूच मारलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर पडली. शेवटी दाबमापक बसवला तेव्हा उलगडा झाला: बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक दाब त्या तेलात होता. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून घेत होता आणि त्याच्या थरावर तरंगत होता. १८८६ साली ऑस्बोर्न रेनल्ड्सने या तरंगण्याचं गणित मांडलं. वेग, भार, दोन भागांमधली फट आणि तेलाचा दाटपणा (पाठ्यपुस्तकातली विष्यंदिता) ही चौकडी त्यात एकमेकांत गुंतलेली आहे. फट अरुंद केली, तर तोच भार पातळ तेलही पेलतं.

आपल्याकडे ऑइलचा वाद निघतो तेव्हा ही फट कुणाच्या बोलण्यात येत नाही. ‘आपला मुलूख उष्ण, घट्ट ऑइल घाला, इंजिन टिकेल’ हा सल्ला गॅरेजमध्ये आजही मिळतो. तो मूर्खपणाचा नाही, फक्त जुना आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीसाठी तो बरोबरच होता. मूळ बांधणी १९६०च्या आसपासच्या फियाटची, कार्ब्युरेटरचं इंजिन, बोअर झिजला की पुन्हा करून घ्यायचा, रिंगा बदलायच्या आणि टॅक्सी परत रस्त्यावर. अशा सैल इंजिनात २०डब्ल्यू-४० किंवा त्याहून जाड तेलाने आवाज दबायचा, निळा धूर कमी व्हायचा, ऑइल पिणंही आटोक्यात राहायचं. (जुनी गाडी विकण्याच्या आदल्या दिवशी जाड ऑइल का भरतात, हे दलालांना सांगावं लागत नाही.) ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या. सल्ला मात्र मागे राहिला.

त्या सल्ल्यातला उष्ण मुलखाचा मुद्दा तर तपासूनच पाहावा. चालत्या इंजिनात तेल साधारण ९० ते ११० अंशांवर असतं. बाहेर नागपूरचा मे असो की महाबळेश्वरचा डिसेंबर, इंजिन एकदा तापलं की थर्मोस्टॅट त्याला त्याच पट्ट्यात ठेवायला बघतो. भरल्या गाडीने लांबलचक घाट चढताना तेल आणखी तापतं, हे खरं. पण एरवी हवेतल्या तीस अंशांच्या फरकाने तेलाला जेवढं वाटतं, त्याहून कितीतरी जास्त घाम आपल्याला फुटतो.

डब्यावरचे आकडेही थंड तेल आणि तापलेलं तेल या दोन टोकांची गोष्ट सांगतात. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू वेटचा नव्हे, विंटरचा. ५डब्ल्यू म्हणजे उणे ३० अंशांतही तेल इतकं घट्ट होत नाही की इंजिन फिरूच नये. ३० म्हणजे १०० अंशांना त्याचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान. उणे ३० शी पुणेकराचा संबंध नाही, हे कबूल. पण याच तेलाचा दाटपणा ४० अंशांना साठच्या घरात असतो. म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सकाळीही किल्ली फिरवल्यावर तुमचं ‘पातळ’ तेल गरजेपेक्षा पाच-सहापट जाडच असतं. २०डब्ल्यू त्याहून जाड, आणि वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोचायला ते तेवढाच जास्त वेळ घेतं.

तेलाच्या प्रतींचं पहिलं प्रमाण अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या सोसायटीने १९११ साली ठरवलं. त्याच्या दोनच वर्षं आधी इंग्लंडच्या वेकफिल्ड कंपनीने खनिज तेलात एरंडेल मिसळून त्याला कॅस्ट्रॉल हे नाव दिलं होतं. आपल्या बैलगाड्यांच्या आसांना एरंडेलाची ओळख त्याच्या कितीतरी आधीची. पुढे १९५०च्या दशकात तापमानाप्रमाणे आखडणारी-पसरणारी पॉलिमर मिसळून मल्टिग्रेड तेलं रुळली आणि उन्हाळ्याचं-हिवाळ्याचं वेगळं तेल भरायची कटकट संपली.

पातळ तेलाकडचा प्रवास मात्र निव्वळ यंत्रशास्त्राने घडवलेला नाही. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, १९७५ मध्ये अमेरिकेने कंपन्यांवर सरासरी मायलेजचा कायदा लादला. पातळ तेल ढवळायला इंजिनाला कमी कष्ट पडतात. त्यातून वाचणारं इंधन शेकडा एक-दोन, ग्राहकाच्या हिशेबात न दिसणारं, पण लाखो गाड्यांच्या सरासरीत कंपनीला दंडापासून वाचवणारं. २००१ मध्ये फोर्ड आणि होंडाने अमेरिकेत ५डब्ल्यू-२० आणलं. २०१३ मध्ये अभियंत्यांच्या त्या सोसायटीच्या तक्त्यात १६ ही प्रत आली, २०१५ मध्ये १२ आणि ८. भारतात सरासरी मायलेजचा असाच नियम एप्रिल २०१७ पासून आहे आणि एप्रिल २०२२ मध्ये तो आणखी आवळला गेला. तेव्हा ०डब्ल्यू-१६ इंजिनाच्या आयुष्यासाठीच निवडलं, असं कुणी शोरूममध्ये म्हणालं तर अर्धंच खरं मानावं. एकाच इंजिनाला एका देशाच्या पुस्तिकेत एकच पातळ प्रत आणि दुसऱ्या देशाच्या पुस्तिकेत जाड प्रतींचीही मुभा, असं सर्रास दिसतं.

म्हणून जुन्या सल्ल्याकडे परतावं असं मात्र नाही, कारण दरम्यान इंजिनही बदललं. फटी आखल्या गेल्या त्या पातळ तेल धरून. व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर, बारीक वाटांतून चालते. तिथे जाड तेल उशिरा पोचलं की ती अडखळते. पुस्तिकेत दोन-तीन प्रती दिल्या असतील आणि दीड लाख किलोमीटर झालेली गाडी ऑइल पीत असेल, तर त्यांतली जाड प्रत घेणं शहाणपणाचं. यादीबाहेरची प्रत मी तरी भरणार नाही.

आणि जाडी बरोबर पण जात चुकली, तरी फसगत होतेच. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी धरणारा फिल्टर असतो. तेलातल्या धातूंच्या संयुगांची राख त्यात साचते आणि काजळीसारखी जळून जात नाही. म्हणून अशा गाडीला कमी राखेचं, एसीईए या युरोपीय वाहन-उत्पादक संघटनेच्या ‘सी’ गटातलं किंवा कंपनीने नेमलेलं तेल लागतं. बॅरलमधलं ट्रकचं १५डब्ल्यू-४० त्यात ओतलं, तर इंजिन कुरकुरणार नाही. बिल फिल्टरचं येईल, तेही दोन-तीन वर्षांनी.

आज सर्व्हिसच्या बिलावर अनेकदा एवढंच असतं: ‘इंजिन ऑइल, ३.५ लिटर’. औषधाच्या दुकानाने ‘गोळ्या, दहा नग’ असं बिल दिलं तर आपण ते घेणार नाही. ऑइलची प्रत, त्याचा एपीआय (अमेरिकी) किंवा एसीईए (युरोपीय) वर्ग आणि डबा सीलबंद होता की बॅरलमधलं तेल काढलं, या तीन गोष्टी बिलावर लिहिणं प्रत्येक वर्कशॉपला सक्तीचं करायला सरकारला नवा कायदा लागू नये. एक परिपत्रक पुरे. आणि ते निघेपर्यंत गाडी सोडतानाच जॉबकार्डवर प्रत लिहून घ्यायला काउंटरवर दोन मिनिटं लागतात.