दाण्याचं पुण्य आणि झुडपाचं पाप



आज थोडं कडू लिहिणार आहे. रागवायचं असेल तर रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या समाजात जीवदया म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ज्वारीचं पोतं, गच्चीवरची कबुतरं आणि देणगीची पावती. दाणा टाकू नका असं मी म्हणत नाही. पण ज्या आवारात सकाळी आपण दाणा टाकतो, त्याच आवारातली झुडपं दुपारी माणूस लावून साफ करतो, महिन्याला औषध फवारून घेतो आणि रात्रभर दिवे जाळतो. जमेची बाजू आपण मोठ्या अक्षरात लिहितो, खर्चाची बाजू लिहीतच नाही. मी कॉमर्स शिकलेली बाई आहे. असा हिशेब मला मान्य नाही.

या खर्चाच्या बाजूला कोण आहे, ते आधी सांगते.

हिरवट पर्ण वटवट्या नावाचा एक पक्षी आहे. चिमणीपेक्षा बराच लहान, पाठीवर शेवाळी हिरवा, पोटाला मळकट पांढरा, डोळ्यावर फिकट भुवई. वजन ७-८ ग्रॅम, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढं. दिसत फारसा नाही, कारण पानांचाच रंग आणि सारखी हालचाल. पण दाट झाडातून दिवसभर ‘चि-वी, चि-वी’ असा बारीक आवाज येत असतो, तो त्याचा. तुम्ही ऐकला आहे, फक्त कुणाचा ते विचारलं नाही.

हा जन्मतो कुठे? हिमालयात, मध्य आशियात, सायबेरियात, पार फिनलंडपर्यंतच्या जंगलांत. मादी जमिनीवर किंवा जमिनीलगत घुमटासारखं घरटं बांधते. तिकडचा उन्हाळा छोटा. पिल्लं मोठी झाली की लगेच निघायचं. हेलसिंकी ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ६ हजार किलोमीटर, आणि हा काही सरळ रेषेत येत नाही. फिनलंडकडचे पक्षी आधी पूर्वेकडे जातात, मग मध्य आशियातून दक्षिणेला वळतात. बहुतेक प्रवास रात्री. आकाशातल्या ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून असे पक्षी दिशा ठरवतात. त्या वर्षी जन्मलेलं पिल्लूही निघतं, ज्याने हा रस्ता कधी पाहिलेला नाही. आई बोट धरून आणत नाही. दिशा त्याच्या अंगातच असते.

दशलक्षण पर्व संपून अनंत चतुर्दशी होते, त्याच्या आसपास हा आपल्याकडे पोचायला लागतो. पावसाने झाडं पानांनी भरलेली असतात, पानांवर बारीक किडे भरपूर असतात. मग तो कधी परततो? एप्रिलमध्ये, फार तर मेच्या सुरुवातीला. म्हणजे आपण आदिनाथ भगवंतांच्या पारण्याची अक्षय तृतीया करतो, त्या सुमाराला. जाण्याआधी अंगावर चरबी साठवतो आणि वाटेत तीच जाळत जातो.

आता मोजा. सप्टेंबर अखेर ते एप्रिल, सात महिने. आयकराच्या नियमात माणूस वर्षात १८२ दिवस इथे राहिला की तो रहिवासी ठरतो. त्या हिशेबाने हा पक्षी परदेशी पाहुणा नाहीच. तो तुमच्या-माझ्या आवारातला रहिवासी आहे. तिकडे तो बाळंतपणापुरता जातो, जशा आपण माहेरी जात होतो. घर त्याचं इथेच.

आणि इथे त्याला घर असतं हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. ट्रेव्हर प्राइस या संशोधकांनी या पक्ष्याच्या भारतातल्या हिवाळी मुक्कामाचा अभ्यास करून तो १९८१ साली प्रसिद्ध केला. हिवाळ्यात हे पक्षी एकेकटे राहतात आणि आपापली हद्द राखतात. दुसरा त्या हद्दीत आला की त्याला हाकलतात. तो ‘चि-वी’ आवाज म्हणजे ‘ही जागा माझी आहे’ अशी पाटीच.

म्हणूनच ‘एवढीशी झाडी गेली तर काय, पक्षी उडून दुसरीकडे जाईल’ हे वाक्य मला खपत नाही. दुसरीकडे कुठे? शेजारच्या झाडावर शेजारचा आहे. ज्याचं घर पाडलं, त्याला शेजारी घरात घेतो का? आपल्या इमारतींचा पुनर्विकास झाला तर आपण भाडं मागतो, करार मागतो. सात ग्रॅमच्या जिवाला कोण भाडं देणार?

आता तुमच्या शंका घेते. मंडळाच्या हळदीकुंकवात मी हा विषय काढला तेव्हा ज्या आल्या, त्याच.

पहिली शंका: ‘अहो ताई, तो किडे खातो. हिंसक जिवाची एवढी बाजू का घेता? कबुतर तरी शाकाहारी आहे.’ मैत्रिणींनो, व्रत आपण घेतलं आहे, पक्ष्याने नाही. तिर्यंच गतीतल्या जिवाचं ताट तपासायचं काम आपल्याला कुणी दिलेलं नाही. आपल्याला आपले हात तपासायचे आहेत. आणि ज्या चिमणीला आपण कौतुकाने दाणे घालतो, तीही पिल्लांना किडे भरवते. मग तिचाही दाणा बंद करणार का? किड्यांचा एवढा कळवळा असेल तर दर महिन्याला फवारणीचा माणूस कोण बोलावतं? वटवट्या पोटापुरते किडे टिपतो. आपण हिरवळ सुंदर दिसावी म्हणून सगळेच मारतो, आणि त्याच्या पोटावरही पाय देतो. एका फवाऱ्यात दोन हिंसा, आणि दोन्ही आपल्या खात्यावर.

दुसरी शंका: ‘झुडपं ठेवली की डास होतात, डेंग्यू होतो.’ डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं टायर, उघडी टाकी. पिढ्यान् पिढ्या पाणी गाळून, झाकून वापरणाऱ्या आपण बायका; आठवड्यातून एकदा ताटल्या उपड्या करणं आपल्याला जड आहे का? ते करायचं नाही आणि मेंदीचं कुंपण छाटायचं, याला उपाय म्हणत नाहीत.

तिसरी शंका: ‘ही झाडं कचरा करतात.’ कोणती झाडं? वड, पिंपळ, उंबर. ज्या पंच उदुंबरांची फळं आपण वर्ज्य मानतो, त्यातली. का वर्ज्य? कारण त्यांत त्रसजीव असतात. सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतं तेव्हा आपल्या आचार्यांना हे कळलं होतं, की ही झाडं म्हणजे बारीक जिवांनी गजबजलेलं गावच आहे. फळ खाऊ नये म्हणजे झाड नको असा अर्थ कुणी काढला? अशी आपल्या मातीतली झाडं काढून आपण ओळीने शोभेचे पाम लावतो आणि खाली फरशीचे ब्लॉक बसवतो. दिसायला हॉटेल, आणि पक्ष्याला उपास.

चौथी शंका दिव्यांची: ‘रोषणाई नको तर काय अंधारात पर्व करायचं?’ पर्वात दिवे लावा. पण कार्यक्रम रात्री दहाला संपतो आणि शिखरावरचा झोत पहाटेपर्यंत आकाशात जळतो, तो कुणासाठी? रात्री प्रवास करणारे लहान पक्षी झगमगाटाकडे ओढले जातात, भरकटतात, काचेवर आपटतात. अमेरिकेत शिकागो शहरात २०२३ साली, ४-५ ऑक्टोबरच्या रात्री, मॅककॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीच्या काचांवर आपटून जवळपास १००० पक्षी मेले. त्यांत बरेचसे असेच रात्री प्रवास करणारे वटवटे होते, तिकडच्या जातींचे. पुढच्या वर्षी त्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली, आणि मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या एकदम खाली आली. कुणी उपवास केला नाही, कुणी बोली लावली नाही. फक्त फिल्म चिकटवली.

आता धर्माचं सांगते, कारण शेवटी मला म्हणायचं आहे ते हेच. आपल्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती आहे. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत प्रमादचर्या आहे. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वनस्पती तोडणं. गरजेपोटी झालेलं नाही, तर सवयीने आणि बेफिकिरीने झालेलं पाप. आपल्या सोसायट्यांतली ‘साफसफाई’ या यादीत शब्दन् शब्द बसते. दाणा टाकणं हे दान आहे, चांगलं आहे. पण व्रत आधी, दान नंतर. डाव्या हाताने घर मोडून उजव्या हाताने मूठभर ज्वारी दिली, तर त्याला आपण व्यवहारात काय म्हटलं असतं? आणि ही ज्वारी तर त्या बिचाऱ्याच्या उपयोगाचीही नाही, तो दाणा खातच नाही.

म्हणून या वर्षी पर्वाचा नियम घेताना माझं सांगणं एवढंच आहे. सप्टेंबर ते एप्रिल आवारातली एक कडा तरी न छाटता, न फवारता ठेवायची. तोडायचं झाड वड-पिंपळ-उंबर-आंबा-करंज असेल तर बैठकीत हात वर करून ‘नाही’ म्हणायचं, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यायचं. कार्यक्रम संपला की मंदिराची रोषणाई बंद करायची, मग ती कुणाच्याही देणगीतून झालेली असो. खिडक्यांच्या मोठ्या काचांना बाहेरून ठिपके किंवा जाळी लावायची.

यात पैसे लागत नाहीत, उलट वाचतात. पावती मिळणार नाही, फलकावर नाव येणार नाही, कदाचित सेक्रेटरी तुम्हाला भांडकुदळ म्हणतील. मला म्हणतातच. पण बैठकीत बसायचा आणि बोलायचा हक्क आपल्यालाही आहे. पुढची बैठक तुमच्या सोसायटीत कधी आहे, ते आजच बघून ठेवा.