गाण्याआधीचं चित्र

संगीताच्या प्रकल्पासाठी एखाद्या पॉप अल्बमचं कव्हर अभ्यासायला घेणाऱ्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून आम्ही हा अंक केला आहे. आज गाणी मोबाइलवर ऐकली जातात आणि कव्हर नखाएवढं दिसतं. म्हणूनच बारा इंची रेकॉर्डच्या काळातली कव्हरं आता मुद्दाम, सावकाश पाहायला हवीत, असं आम्हाला वाटतं.

बीटल्सचं १९६९ चं ‘अ‍ॅबी रोड’ घ्या. इयन मॅकमिलन यांनी भर रस्त्यात शिडीवर उभं राहून सहाच फोटो काढले, त्यांतला एक निवडला गेला. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. बँडमधले हे चौघे जगाच्या ओळखीचे आहेत, हा विश्वासच जणू तिथे छापला आहे! त्याआधी दोनच वर्षं, बीटल्सच्याच ‘सार्जंट पेपर’ या अल्बमवर पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी चेहऱ्यांची गर्दी उभी केली होती, मागच्या बाजूला गाण्यांचे शब्दही छापले होते. त्या गर्दीकडून हा बँड एका साध्या रस्त्यावर का आला? एवढ्या प्रश्नावर अख्खा प्रकल्प उभा राहू शकतो.

कव्हरवरचा लाल रंग म्हणजे प्रेम, काळा म्हणजे दुःख, असे ठरीव अर्थ लिहून भागत नाही. अक्षरं कुठे आहेत, कलाकार कुणाकडे पाहतोय, मोकळी जागा किती, हे आधी नोंदवा. मग गाणी ऐकून ताळा करा. अंकातले लेख याच क्रमाने जातात. तुमच्या आवडीच्या कव्हरबद्दल, मराठी अल्बमचं असेल तर अधिकच आनंदाने, आम्हाला जरूर लिहा.