चुलीशेजारचे पान

बंगालमधील राससुंदरी देवी यांचे ‘आमार जीबन’ हे आत्मचरित्र १८७६ साली प्रसिद्ध झाले. बाराव्या वर्षी विवाह, पुढे बारा अपत्ये, मोठ्या घराचा स्वयंपाक. आणि स्त्रीने अक्षर ओळखणे तेव्हा निंद्य. घरातील ‘चैतन्यभागवत’ या पोथीचे एक पान काढून त्यांनी स्वयंपाकघरात लपविले. मुलाने अक्षरे गिरविलेले ताडपत्रही हळूच उचलले. दोन्हींतील अक्षरे जुळवीत, कोणाच्या नकळत, त्या वाचावयास शिकल्या. ही चोरी कोणत्या खात्यावर मांडावी? लिहिणे मात्र कित्येक वर्षे राहूनच गेले. अखेर शिक्षणासाठी दूर राहणाऱ्या मुलाने, आई पत्राचे उत्तर का पाठवीत नाही, असे विचारले आणि कागद, दौत, लेखणी त्यांच्यापुढे ठेवली.