यंत्रकराराचा श्रीगणेशा

नांदेड आणि लातूर हीं मराठवाड्यांतील दोन्ही शहरें विद्यार्थ्यांचीं गांवें म्हणून प्रसिद्ध आहेत. नांदेडास श्री गुरु गोविंदसिंहजी यांच्या नांवाचें अभियांत्रिकी विद्यालय १९८१ पासून चालू आहे. लातूरच्या विद्यार्थ्यांचें परीक्षेंतील यश तर सर्वश्रुतच आहे. अशा गांवच्या एकत्र कुटुंबांत एखादा नातू अथवा एखादी सून ‘आपणांस स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा पहिला प्रकल्प मांडावयाचा आहे’ असें बोलून दाखविते, तेव्हां वडील मंडळी विचारांत पडतात. ही विद्या आहे, व्यापार आहे कीं जुगार आहे? या अंकीं आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहों.

कागदावरील करार स्वतः कांहींच करीत नाहीं. तो पाळला जावा म्हणून साक्षीदार, पंच आणि प्रसंगीं न्यायालय लागतें. निक साबो या विद्वानानें १९९४ च्या सुमारास अशी कल्पना मांडली कीं, कराराच्या अटी संगणकाच्या भाषेंत लिहाव्या आणि अट पुरी होतांच यंत्रानेंच तिची अंमलबजावणी करावी. ३० जुलै २०१५ रोजीं ईथीरियम नांवाची ब्लॉकचेन सुरू झाली आणि ही कल्पना मोठ्या प्रमाणावर व्यवहारांत आली. ब्लॉकचेन म्हणजे एकाच खातेवहीच्या हजारों संगणकांवर ठेविलेल्या प्रती. कोणीं आपल्या प्रतींत खाडाखोड केली तर इतर प्रती ती मानीत नाहींत. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा अनेक पाठांनीं व अनेक कंठांनीं वेदांचें अक्षर शुद्ध राखलें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. येथेंही रक्षणाचें तत्त्व तेंच आहे.

आतां पहिला प्रकल्प कोणता घ्यावा? आमच्या मतें तो आपल्या प्रांतांतील व्यवहारांतून घ्यावा. लातूरच्या बाजारांत सोयाबीन आणि तूर यांची मोठी उलाढाल होते. भाव पडलेला असतां शहाणा शेतकरी माल न विकतां गोदामांत ठेवितो, त्याची पावती घेतो आणि ती तारण ठेवून बँकेकडून कर्ज काढतो. २००७ च्या वखारविषयक कायद्यानें अशा पावतीस हस्तांतरणाची योग्यताही दिली आहे. यांतील मोठें भय असें कीं, एकाच मालावर दोन ठिकाणीं कर्ज निघावें. तेव्हां विद्यार्थ्यानें तीनच क्रिया लिहाव्या: पावतीची नोंद, तारण आणि मोकळीक. नियमही दोनच असावे: तारण असलेली पावती पुन्हां तारण घेतां येऊं नये, आणि जिनें कर्ज दिलें त्या बँकेवांचून इतर कोणास ती मोकळी करतां येऊं नये. अशा नोंदींचा उपयोग आपल्या राज्यांत अगदींच नवा नाहीं. २०२२ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली येथें जातीचे ६५ हजार दाखले पॉलिगॉन नांवाच्या ब्लॉकचेनवर नोंदवून देण्याची योजना हातीं घेण्यांत आली होती.

प्रकल्पाची मांडणी कठीण नाहीं. फाउंड्री नांवाचा साधनसंच विनामूल्य मिळतो. त्यांतील ‘फोर्ज इनिट’ या एका आज्ञेनें प्रकल्पाचें घर तयार होतें. त्यांत तीन मुख्य दालनें असतात: एकांत सॉलिडिटी भाषेंतील करार, दुसऱ्यांत त्याच्या चाचण्या, तिसऱ्यांत तो साखळीवर चढविण्याची कृति. नमुन्यादाखल ‘काउंटर’ नांवाचा चिमुकला करारही लिहिलेला मिळतो. त्याच्या जागीं आपली पावती लिहावी. प्रयोगासाठीं ‘ॲन्व्हिल’ नांवाची खोटी साखळी आपल्याच संगणकावर चालते. तेथें यशस्वी झाल्यावर ‘सेपोलिया’ या सार्वजनिक चाचणी-साखळीवर जावें. तेथील चलनास बाजारांत मोल नसतें, म्हणून शिकण्यासाठीं घरांतील एक पैसाही घालावा लागत नाहीं. कोणी पैसे मागूं लागला, तर तें शिक्षण नव्हे असें समजावें.

खरें महत्त्व दुसऱ्या दालनाचें, म्हणजे चाचण्यांचें आहे. बदलाची सोय आधींच केलेली नसेल, तर एकदां साखळीवर चढलेला करार फिरवितां येत नाहीं. यंत्र लिहिणाराचा हेतु जाणत नाहीं. तें अक्षर जाणतें. जून २०१६ मध्यें ‘डीएओ’ नांवाच्या करारांत काय घडलें तें पहावें. त्यांत रक्कम आधीं दिली जाई आणि खात्यांतून ती मागाहून वजा होई. मुनिमानें पैसे मोजून दिले, पण नांवें लिहिण्यापूर्वींच घेणाऱ्यानें पुन्हां हात पुढें केला, तशांतला हा प्रकार. सुमारें ३६ लक्ष ईथर याच फटींतून निघून गेले. पुढील महिन्यांत बहुसंख्यांनीं ती नोंद उलटविली. कांहींनीं तें मानलें नाहीं, आणि साखळीचींच दोन शकलें झालीं. दोनतीन ओळींच्या क्रमाचा हा परिणाम!

व्याकरण शिकलेल्यांस आम्ही सांगूं कीं, उत्सर्ग लिहिणें सोपें असतें, कसोटी लागते ती अपवादाला. तीच पावती दुसऱ्या बँकेनें मागितली तर? परक्यानेंच ती सोडविण्याचा यत्न केला तर? वजनाच्या जागीं शून्य लिहिलें तर? प्रत्येक ‘तर’ची एक चाचणी आधीं लिहावी. फोर्जला सांगितल्यास तें मनास येतील त्या संख्या घेऊन एकच चाचणी सहसा २५६ वेळां करून पाहतें.

दुसरी सावधगिरी किल्लीची. ॲन्व्हिल प्रयोगासाठीं दहा खातीं देतें, परंतु त्यांच्या गुप्त किल्ल्या जगजाहीर आहेत. त्यांवर खरें धन कधींही पाठवूं नये. स्वतःची खरी किल्ली प्रकल्पाच्या कागदांत लिहून तो सर्वांपुढें ठेवणें म्हणजे तिजोरीची किल्ली उंबऱ्यावर टांगणें होय.

एवढी दक्षता घेतली तरी एक गोष्ट यंत्राच्या हातीं नाहीं. गोदामांतील काटा खोटा असेल अथवा ओलें सोयाबीन सुकें म्हणून नोंदलें असेल, तर साखळी तें असत्यही तितक्याच निष्ठेनें जपील. मग त्या पावतीवर विश्वासणारी बँक फसेल आणि पुढील प्रामाणिक शेतकऱ्यास कर्ज मिळणें दुरापास्त होईल. अक्षराची शुद्धि यंत्र राखील. पहिल्या नोंदीची शुद्धि मनुष्यानेंच राखिली पाहिजे.

तेव्हां ही विद्याच आहे. तिचा जुगार करणें न करणें शिकणाऱ्याच्या स्वाधीन आहे. वडील मंडळींनीं ‘यांतून मिळकत किती?’ असें पहिल्याच महिन्यांत विचारूं नये. ‘तुझा करार कोणकोणत्या प्रसंगीं नाहीं म्हणतो, तें दाखीव’ असें विचारावें. याचें उत्तर जो नीट देईल, त्याच्या हातीं उद्यां खऱ्या शेतकऱ्याची पावती सोंपविण्यास हरकत नाहीं.