पोचा कुणी पाडला?

लग्नकार्यात भेटलेले नातेवाईक "सध्या काय करतोस?" असं विचारतात तेव्हा माझी जरा पंचाईतच होते. "गोडाऊनमधले रॅक तपासतो" असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर 'अरेरे, एवढं इंजिनिअर होऊन शेवटी मांडण्या मोजतो!' असा भाव उमटतो. काकू तर एकदा म्हणाल्या, "आमच्या स्वयंपाकघरातली मांडणी पण डुगडुगतेय, येऊन बघ की!" असो. तर मंडळी, आज एकदा सविस्तर लिहूनच टाकतो. कारण विषय मांडणीचा असला तरी प्रश्न माणसांचा आहे.

भिवंडीला किंवा चाकणला आतून एखादं मोठं गोडाऊन बघितलंय का? २०१७च्या जुलैत जीएसटी आल्यापासून प्रत्येक राज्यात एक छोटं गोडाऊन ठेवायची कंपन्यांची गरज कमी झाली आणि मोठमोठी गोडाऊन्स उभी राहिली. आत चार-चार, पाच-पाच मजली लोखंडी रॅक. प्रत्येक मजल्यावर लाकडी पॅलेट, त्यावर रचलेला माल. मधल्या बोळांतून फोर्कलिफ्ट धावतात. तुम्ही ऑनलाइन मागवलेला कुकर अशाच कुठल्यातरी खणातून निघालेला असतो.

आता एक साधा हिशोब करू. एका पॅलेटवर एक टन माल, एका खणात शेजारी शेजारी दोन पॅलेट, आणि असे चार मजले. म्हणजे एका खणात आठ टन. मधल्या खांबावर दोन्ही बाजूंच्या खणांचा भार येतो, आणि तो पुढच्या व मागच्या खांबात वाटला जातो. म्हणजे एका खांबाच्या वाट्याला चार टन, साधारण एक मोठा हत्ती! आणि तो खांब म्हणजे काही रेल्वेचा रूळ नव्हे. दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा पत्रा वाकवून केलेली पोकळ पन्हळ असते ती.

एवढा पातळ पत्रा हत्ती कसा पेलतो? सरळ असतो म्हणून. घरी करून बघा. जुन्या लग्नपत्रिकेची सुरळी करा, दोऱ्याने बांधा, उभी ठेवा आणि वर एक जाड पुस्तक ठेवा. आरामात पेलते. आता सुरळीला मधोमध बोटाने हलकासा पोचा पाडा आणि पुन्हा पुस्तक ठेवा. कागद तोच, वजन तेच, पण सुरळी पोच्याच्या जागी दुमडते. रॅकच्या खांबाचं अगदी हेच होतं. आणि खांब एकटा पडत नाही. आडव्या बीमनी तो शेजाऱ्यांशी जोडलेला असतो, त्यामुळे जाताना तो शेजाऱ्यांनाही ओढून नेतो.

खांबाला पोचा पाडतं कोण? बहुतेक वेळा फोर्कलिफ्ट. म्हणून माझी नजर आधी खाली जाते, जमिनीपासून कमरेपर्यंतच्या भागात. युरोपात यासाठी ईएन १५६३५ नावाचं मानक आहे आणि मी त्याचेच मापदंड वापरतो. एक मीटरची सरळ पट्टी खांबाला लावायची आणि बाक मोजायचा. बीमच्या दिशेने ५ मिलिमीटरपर्यंत चालतो, रॅकच्या खोलीच्या दिशेने फक्त ३. तेवढ्यात असेल तर हिरवा, लक्ष ठेवा. त्याहून जास्त असेल तर पिवळा, म्हणजे आहे तो माल काढल्यावर दुरुस्ती होईपर्यंत नवा ठेवायचा नाही. दुपटीच्या वर गेला तर लाल, म्हणजे आत्ताच्या आत्ता माल उतरवा. शिवाय बीमच्या टोकाची लॉक पिन जागेवर आहे का (नसेल तर खालून फोर्कचा धक्का लागून बीम निसटू शकतो), जमिनीतले बोल्ट घट्ट आहेत का, खांब ओळंब्यात आहे का, किती वजन ठेवायचं त्याची पाटी आहे का, हे सगळं बघायचं.

तीन मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन नाणी! एवढ्यावर हत्तीचं भवितव्य.

इथपर्यंत सगळं पुस्तकात मिळतं. मला बोलायचंय ते पुढचं.

चाकणकडच्या एका गोडाऊनमध्ये (नाव कशाला हवं!) मी एका खांबाला पट्टी लावत होतो. बाक चांगला लालमध्ये गेलेला, आणि वर पिवळ्या रंगाचा ताजा हात मारलेला. बाकीचे खांब धुळीने माखलेले आणि हा एकटाच नव्या नवरीसारखा चकचकीत! मागे एक फोर्कलिफ्टवाला पोरगा उभा होता, बीडकडचा, असेल बावीस-तेवीसचा. हळूच म्हणाला, "सर, ते लिहू नका ना. पगारातून कापतात."

खण रिकामा करून घेतला आणि लिहिलंही, पण नाव कुणाचं लिहिलं नाही. तो माझ्या कामाचा भागच नाही. पण तेव्हापासून माझं एक ठाम मत झालं आहे: रॅकच्या तपासणीत सगळ्यात मोठा धोका वाकलेल्या खांबाचा नसतो, लपवलेल्या पोच्याचा असतो. आणि पोचा लपवायला आपणच शिकवतो.

बघा ना. माझ्यासारखा तज्ज्ञ वर्षातून एकदा येतो. मानकातही तेवढंच अपेक्षित आहे, बारा महिन्यांत निदान एकदा. गोडाऊनमधल्याच जबाबदार माणसाने आठवड्याला एक फेरी मारावी असंही त्यात आहे. पण मधले दिवस? मी आज हिरवा शेरा देऊन गेटबाहेर पडलो आणि दहा मिनिटांनी एखादी फोर्कलिफ्ट खांबाला घासली, तर ऑफिसच्या भिंतीवरचं माझं सर्टिफिकेट काय कामाचं? धक्का बसला हे त्या क्षणी जगात एकाच माणसाला नक्की माहीत असतं, गाडी चालवणाऱ्याला. म्हणूनच नुकसान दिसलं की कुणीही असो, लगेच सांगावं, यावर मानकाचा भर आहे. आणि आपण काय करतो? तो माणूस बोलला की त्याचा पगार कापतो! खांब बदलायला काही हजार लागतात, ते वसूल झाल्याचा आनंद आपल्याला होतो. त्या बदल्यात पुढचे दहा पोचे रंगाखाली गेले, हे कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं.

यावर मॅनेजर मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं. "दंड नाही केला तर पोरं बेफाम चालवतील." हा मुद्दा अगदीच खोटा नाही. बेफाम चालवणाऱ्याला जरूर आवरा. वेगाला आवरा, मोबाइलला आवरा. पण धडक झाल्याचं सांगितलं म्हणून शिक्षा आणि बेफिकिरीबद्दल शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षा व्हायचीच तर ती लपवण्याला व्हावी. शिवाय सगळे पोचे नकाशावर मांडून बघा. पुष्कळदा ते एकाच कोपऱ्यावर, एकाच वळणावर सापडतात. तीन पाळ्यांतले वेगवेगळे ड्रायव्हर एकाच खांबाला धडकत असतील तर चूक ड्रायव्हरची कशी? तिथे बोळ अरुंद असतो, नाहीतर उजेड कमी असतो, नाहीतर 'तासाला इतके पॅलेट' हे टार्गेटच वळायला वेळ देत नाही. पण हे कळायला आधी पोचे उघड्यावर यायला हवेत ना!

रॅक पडल्यावर काय होतं तेही सांगतो. इंग्लंडमधल्या हिन्स्टॉक गावात मे २०१६मध्ये चीजने भरलेले रॅक कोसळले. फोर्कलिफ्टचा चालक कित्येक तास त्या ढिगाखाली अडकला होता आणि चालत बाहेर आला! लोकांनी चीजवरून विनोद केले. ऑक्टोबर २०२०मध्ये ब्राझीलमधल्या साओ लुईस शहरात एका घाऊक सुपरमार्केटमधले रॅक एकामागोमाग एक पडले. तिथे एक कर्मचारी गेली, आठ जण जखमी झाले. त्यावर विनोद कुणी केले नाहीत. दोन्हींत फरक नशिबाचा. रॅक पडताना खाली कोण असेल हे आधी ठरवता येत नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावर निदान गाडीचा लोखंडी पिंजरा असतो. माल उतरवणारा माथाडी, झाडू मारणारी बाई, बिल घेऊन आलेला क्लार्क यांच्या डोक्यावर काहीच नसतं.

मला विचाराल तर सुधारणा फुकटात होण्यासारखी आहे. गेटजवळ एक फळा लावा. धक्का बसला की खांबाचा नंबर आणि वेळ लिहायची, नाव लिहायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. लिहिलेल्या नुकसानीचा एक रुपया पगारातून कापायचा नाही. खण रिकामा करायचा, पट्टी लावायची, खांब बदलायचा. (हातोडीने ठोकून सरळ करायचा नाही हो! वाकून सरळ झालेला पत्रा पूर्वीसारखा राहत नाही.) सुरुवातीला फळा भरून जाईल आणि मॅनेजरला वाटेल की अपघात वाढले. अपघात तेवढेच असतात, फक्त दिसायला लागलेले असतात.

तुमच्या घरातलं, ओळखीतलं कुणी गोडाऊनमध्ये कामाला असेल तर रॅक मजबूत आहे का असं विचारू नका, ते त्यालाही सांगता येणार नाही. एवढंच विचारा, "तुमच्याकडे खांबाला धक्का लागला तर सांगायची सोय आहे का, की रंगाचा डबा जवळ ठेवावा लागतो?"